बॅक-रायरांनी दिलेलं तांबूल

एकसष्ट सालच्या पोंगलनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळच्या चहाची घंटा व्हायच्या आत, एन्नोरच्या सेल्वमवर अन्याय झाला. आदल्या दिवशी भरसभेत आमच्या पंप-कंपनीनं त्याला फुटबॉलसाठी, म्हणजेच नोकरीसाठी, निवडलं होतं आणि त्याच्या हातात विड्याची पानं, सुपारी आणि नारळाचं तांबूल दिलं होतं. सोमवारी कंपनीच्या मॅनेजरनं ते परत मागितलं. मागितलं म्हणजे खरोखरच मागितलं. "नारळ आणून टेबलावर ठेव आणि विषय संपव," असं म्हणाला. ही ऐकीव गोष्ट नाही. मी तेव्हा त्या कचेरीत टायपिस्ट होते, माझं टेबल मॅनेजरच्या दाराला लागून होतं, आणि त्या दारातून सगळं ऐकू यायचं.

त्या सोमवारी सेल्वमच्या बाजूनं एकच माणूस उभा राहिला. तो आपला होता, तंजावरच्या मराठी घरातला, तिरुवल्लिकेणीत तीन पिढ्या राहिलेला. कचेरीत ते मिस्टर राव, गल्लीत रायर, आणि तरुणपणी बॅकला, म्हणजे मागे घर राखायला, खेळलेले म्हणून मैदानावर बॅक-रायर. आपल्या मद्रासच्या मराठी मंडळींनी मात्र त्यांचं नाव ठेवलं 'चेंडूवाले'. गणेशोत्सवात त्यांना कधी व्यासपीठावर बोलावलं नाही, सतरंज्या उचलायला तेवढं बोलावलं. बी.ए. झालेला, गोदाम विभागाचा मुख्य असलेला माणूस रविवारी पोरांच्या पायांकडे बघत उन्हात बसतो याची तुम्हाला लाज वाटायची. लाज वाटून झाली असेल तर आता त्यांच्याविषयी वाचा.

'चेंडूवाले' हे नाव तर साफ चूक होतं. चेंडूकडे बघायचंच नाही, हा त्यांचा नेम. सामन्याला येताना ते ताडाच्या पानाचा पंखा आणायचे. लोकांना वाटायचं, उकडतंय म्हणून. चेंडू ज्या बाजूला असेल त्या बाजूला रायर तो पंखा डोळ्यांसमोर आडवा धरायचे आणि उरलेलं अर्धं मैदान बघत बसायचे. मी पहिल्यांदा त्यांच्या शेजारी बसले तेव्हा सगळं मैदान उठून ओरडत होतं आणि हे गृहस्थ शांतपणे पलीकडच्या टोकाला एकट्या उभ्या असलेल्या बॅककडे बघत होते.

"मामा, गोल तिकडे होतोय!"

"होऊं दे गे. गोल उद्या पेपरांत येतो. हा पोरगा आत्ता काय करतो तें पेपरांत येत नाहीं."

त्यांची मराठी अशीच होती, जुन्या पोथीतून उठून आल्यासारखी, तमिळचा हेल घेतलेली, पोरांना 'अरे'ऐवजी 'डा' म्हणणारी. मी साताऱ्याकडून आलेल्या आईची मुलगी, मला सुरुवातीला हसू यायचं. मग ते काय बोलतात ते ऐकू यायला लागलं आणि हसू थांबलं.

फुटबॉल खेळून पोट भरायची मद्रासमध्ये तेव्हा एकच वाट होती, आजही तीच आहे. एखाद्या कंपनीच्या संघात शिरायचं, दिवसा पंपांना बोल्ट लावायचे आणि संध्याकाळी लीगमध्ये खेळायचं. त्यामुळे कॉलेजच्या शेवटच्या वर्षातल्या पोरांवर कंपन्यांचा डोळा असायचा. फॉरवर्ड निवडणं सोपं. ज्यानं गोल मारले त्याला उचला. बॅक कसा निवडायचा? त्याच्या नावावर काहीच जमा नसतं. त्याचं काम म्हणजे न घडलेल्या गोष्टी. न घडलेल्या गोष्टी बघणारा माणूस उत्तर मद्रासच्या सगळ्या कंपन्यांत मिळून एकच होता.

बघण्याची त्यांची रीत मैदानाबाहेरही चालू असायची. एखादा मुलगा मनात भरला की रायर सामन्यानंतर त्याच्याबरोबर बस-स्टॉपवर जाऊन उभे राहायचे. आपली मद्रासची बस स्टॉपच्या अलीकडे तरी थांबते नाहीतर पलीकडे तरी. गर्दी तिच्यामागे धावते. रायर मुलाकडे बघायचे. "धांवत्या बसमागें लागणारा मला नको," ते म्हणायचे. "ती थांबणार कोठें हें ज्याला कळतें आणि जो आधींच तेथें जाऊन उभा राहतो, तो माझा." एका नामांकित कॉलेजच्या धिप्पाड बॅकला त्यांनी या एका कारणावरून सोडलं. तो बसला लोंबकळत गेला. रायर म्हणाले, "गाडी चांगली पकडली. पण विंगर काहीं दांडा धरायला देत नाहीं, डा."

दुसरं, त्यांना मुका बॅक चालत नसे. खेळाच्या मध्येच डोळे मिटून घ्यायचे आणि नुसते कान लावायचे. मागून कोण ओरडतंय? "विडु, विडु," सोड, सोड, असं आपल्या गड्याला कोण सांगतंय? शिव्या दिल्या तरी चालेल, पण बोलला पाहिजे. मागच्या माणसाला सगळं मैदान दिसतं. दिसत असून जो गप्प बसतो तो त्यांच्या मते एक तर भित्रा नाहीतर मॅनेजर होण्याच्या लायकीचा.

आणि तिसरं, ज्यावरून पुढचं सगळं रामायण झालं ते असं. "ज्याची चड्डी मातीनें भरली तो उशिरां पोंचला." प्रेक्षकांना घसरत जाऊन चेंडू काढणारा बॅक आवडतो. शिट्ट्या पडतात, फोटो छापतात. रायर कपाळाला हात लावायचे. "घसरावें लागलें म्हणजे आधींच कोठें तरी चुकला. चांगला बॅक परटाकडे कपडे टाकीत नाहीं."

तर ती सभा. पूर्वी कंपन्यांची माणसं पोरांना होस्टेलमधून टॅक्सीत घालून पळवत असत. एका पोराला तर दोन कंपन्यांनी दोन हातांना धरून ओढला होता. शेवटी सगळ्या कंपन्यांच्या सेक्रेटरींनी ठरवलं की पोंगलनंतरच्या रविवारी एका कल्याण-मंडपात एकत्र बसायचं. गेल्या लीगमध्ये जो संघ तळाला, त्यानं पहिलं नाव पुकारायचं, मग त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा. ज्याचं नाव पुकारलं तो मुलगा पुढे येई आणि सेक्रेटरी त्याला पितळेच्या तबकातून तांबूल देई: विड्याची पानं, सुपारी, नारळ. मुलीच्या निश्चयाला देतात तसं. एकदा तांबूल दिलं की त्या हंगामात दुसऱ्या कोणत्याही कंपनीनं त्या मुलाकडे बघायचं नाही. ही कल्पना कुणाची, वेगळं सांगायला नको. रायर म्हणायचे, "कागदावरची सही वकील मोडतो. तांबूल मोडायला आपल्या आजीची भीति वाटते."

त्या वर्षी आमची पंप-कंपनी तळापासून दुसरी होती आणि आम्हाला एका बॅकची जागा भरायची होती. संघाचे सेक्रेटरी म्हणून रायरांनी उठून नाव घेतलं, "सेल्वम." सभागृहात कुजबुज झाली. कोण सेल्वम? खाडीकाठच्या कोळी वस्तीतला, सकाळी आगगाडीनं कॉलेजला येणारा, सडपातळ पोरगा. कॉलेजात असताना त्यानं एकही गोल मारलेला नव्हता. तो पुढे आला, दोन्ही हातांनी तांबूल घेतलं, आणि रायरांच्या पाया पडायला वाकला तर रायर मागे सरकले. "पायां कोणाच्या पडूं नको, डा. बॅकनें खालीं बघायचें नसतें."

त्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. मॅनेजरनं ती जागा आधीच एकाला कबूल केली होती. तो शहरातल्या बड्या कॉलेजचा कॅप्टन. गोरा, उंच, पेपरात फोटो आलेला. तो सभेला आलाच नव्हता. घरबसल्या नोकरी मिळणार असल्यावर येईल कशाला?

सोमवारी सेल्वम कामावर रुजू व्हायला आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. मॅनेजरनं त्याला उभं ठेवलं आणि रायरांना बोलावलं.

"मिस्टर राव, मी शनिवारी याचा खेळ पाहिला. सामना संपला तेव्हा याची चड्डी पांढरीशुभ्र होती. हा खेळला नाही, फिरायला आला होता."

"म्हणूनच घेतला, सर."

"मला घाम गाळणारा माणूस पाहिजे." मग सेल्वमकडे वळून, "नारळ आणून ठेव आणि विषय संपव."

सेल्वमनं घसा खाकरला. "नारळ नाही, सर."

"म्हणजे?"

"अम्मानं काल माशांच्या कुळंबूत घातला. आख्खी वस्ती जेवायला होती."

मी दाराबाहेर तोंडात पदर कोंबला. आत रायर मोठ्यानं हसले. "संपलें! पोटांत गेलेलें तांबूल कोणत्याच शास्त्रांत परत होत नाहीं, सर."

"बाजारातून दुसरा आणा."

"बाजारांत नारळ मिळतो, दिलेला शब्द मिळत नाहीं."

मॅनेजर मागे हटला नाही. सेल्वमला नोकरी नाही म्हणाला. आता नीट समजून घ्या, अन्याय कुठे होता. आम्ही त्याला घेणार नव्हतो आणि आमचं तांबूल दिलेलं असल्यामुळे दुसरा कुणी घेऊ शकत नव्हता. मुलाचं आख्खं वर्ष गेलं असतं. नोकरीसाठी कॉलेज सोडलेलं, बापाची होडी मोठा भाऊ चालवत होता, तिच्यात तिसऱ्या माणसाला जागा नव्हती. त्यांच्याच नियमाच्या बेडीत त्यांनीच निवडलेला मुलगा अडकला होता, आणि हे रायरांना लागलं. बाहेर येऊन माझ्या टेबलाशी उभे राहिले आणि म्हणाले, "पोरी, तूं पत्रकें लिहितेस ना?"

लिहीत होते. युनियनची सगळी पत्रकं माझ्याच हातची असत. दुपारपर्यंत मी एक जळजळीत मजकूर तयार केला. त्यात भांडवलशाहीचा मुडदा पाडला होता, मॅनेजरचे पूर्वज काढले होते. रायरांनी तो शांतपणे वाचला.

"तुझ्या पत्रकांत सगळे फॉरवर्डच आहेत गे. प्रत्येक वाक्य गोल मारायला सुटलें आहे. एखादें घर राखायला ठेव."

"म्हणजे काय करू?"

"काय हवें तें एका ओळींत लिही आणि थांब."

मी रागावले, पण लिहिलं. 'तांबूल दिलंत, आता परीक्षा घ्या. सेल्वम आणि कॅप्टन, दोघांना आपल्याच फॉरवर्डांसमोर उभं करा.' तमिळमध्ये छापून तीनशे कामगारांच्या जेवणाच्या डब्यांवर ठेवलं. शिव्या दिल्या असत्या तर मॅनेजरनं मला काढून टाकलं असतं. परीक्षेला नाही म्हणायला मात्र त्याला तोंड राहिलं नाही. कामगार, फोरमन, कँटीनवाला, जो तो विचारू लागला, "सर, मॅच केव्हा?"

शनिवारी संध्याकाळी पेरांबूरच्या मैदानावर कामगारांची बायकापोरांसकट गर्दी झाली. दुसऱ्या कंपन्यांचे सेक्रेटरीही आले, फुकटचा तमाशा कोण सोडतो? बोली अशी की आमचे पाच फॉरवर्ड हल्ला करतील. आधी कॅप्टन घर राखेल, मग तेवढाच वेळ सेल्वम. बाकीचे गडी तेच.

कॅप्टन झकास खेळला, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. धावला, उडाला, घसरला, दोनदा तर चेंडू घेऊन थेट पलीकडच्या टोकापर्यंत गेला. लोकांनी शिट्ट्या मारून आकाश डोक्यावर घेतलं. तो पुढे गेला की मागे मोकळं रान, आणि आमच्या पोरांनी त्या रानातून गोल मारले. पण मारलेले गोल कुणाच्या लक्षात राहिले नाहीत, कॅप्टनच्या उड्या राहिल्या. तो लाल मातीनं माखून बाहेर आला तेव्हा मॅनेजरनं स्वतः टॉवेल पुढे केला आणि रायरांना ऐकू जाईल असं म्हणाला, "याला म्हणतात घाम."

मग सेल्वम आला, आणि सामन्यातली मजाच गेली.

काही घडेचना. आमचा विंगर निघायचा आणि समोर वाट नसायची. डावीकडे वळायचा तर सेल्वम तिथे आधीच उभा. चेंडू मध्ये टाकावा तर त्याच्याच पायांत, जणू त्याच्याच नावानं पाठवला होता. आणि तोंडाचा पट्टा चालू: "मणी, आत! तंबी, विडु! माझा आहे!" धावताना तर तो फारसा दिसलाच नाही. प्रेक्षक कंटाळले. शेंगदाणेवाला म्हणाला, "कसली मॅच ही, कुणी पडतसुद्धा नाही." मॅनेजरनं जांभई दिली. मी रायरांकडे पाहिलं तर त्यांनी पंखा मांडीवर ठेवला होता आणि ते लग्नातल्या वरबापासारखे मजेत बसले होते.

"मामा, लोक उठून चाललेत!"

"जाऊं देत. परीक्षा प्रेक्षकांची नाहीं. कुंजूच्या तोंडाकडे बघ."

कुंजू आमचा सेंटर फॉरवर्ड, मलबारचा, लीगभर बॅक लोकांचा कर्दनकाळ. त्याचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं होतं. आणखी एकदा तो निघाला, आणखी एकदा सेल्वमनं त्याला न शिवता चेंडू काढून घेतला. कुंजू थांबला. चेंडू हातात घेऊन सरळ मैदानाबाहेर आला, मॅनेजरच्या खुर्चीसमोर चेंडू ठेवला आणि त्याच्यावरच बसला.

"उठ! वेळ संपली नाही," मॅनेजर म्हणाला.

"माझी संपली, सर. याला घ्या."

"का? त्यानं केलं काय?"

"मला काहीच करू दिलं नाही. हा दुसऱ्या कंपनीत गेला तर वर्षातून दोनदा याच्यासमोर उभं राहावं लागेल. मी नाही राहणार. हवं तर मला पॅकिंगला टाका."

मागून कामगारांचा असा हशा फुटला की मॅनेजरसुद्धा हसू दाबत ओठ आवळून बसला. तेवढ्यात गेल्या लीगमध्ये तळाला असलेल्या साबण-कंपनीचे सेक्रेटरी उठले आणि हात जोडून म्हणाले, "सर, तुम्हाला नको असेल तर भरसभेत तांबूल सोडा. मी आत्ता गाडीत घालून नेतो." त्यांच्या पाठोपाठ दुसरा उठला. तिसरा तर उठायच्या आधीच बोलू लागला. ज्या पोराला आठ दिवसांपूर्वी कुणी ओळखत नव्हतं त्याच्यासाठी माणसं खुर्च्यांवरून उठत होती. दुसऱ्यानं हात घातला की आपली वस्तू किती मोलाची ते मालकाला कळतं. मॅनेजर उठला, कोट झटकला. "कुणी कुठे नेणार नाही. सोमवारी आठ वाजता, पॅकिंग विभाग. उशीर करू नकोस." सेल्वमची आई गर्दीत होती. ती जीभ फिरवत इतक्या जोरात कुलवा, शुभकार्यातला तो उलुउलु आवाज, घालू लागली की शेजारची पोरं दचकून रडायला लागली.

रायरांनी जिंकल्यावरही कॅप्टनला वाऱ्यावर सोडलं नाही. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तूं वाईट खेळाडू नाहींस, डा. तूं वाट चुकलेला फॉरवर्ड आहेस." महिनाभर मॅनेजरच्या मागे लागून त्यांनी त्याच्यासाठी हिशेब खात्यात जागा करून घेतली आणि त्याला विंगला उभा केला. त्या हंगामात पुढून कॅप्टन आणि मागून सेल्वम. आमचा गोलकीपर उभ्याउभ्या पेंगायचा. लीगचा चषक पंप-कंपनीत आला, मॅनेजरनं त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला. रायर त्या फोटोत नाहीत. ते तेव्हा कॉलेजच्या पोरांचा खेळ बघायला गेले होते.

पण खरा विजय चषकाचा नव्हता. पुढच्या सभेत सगळ्या कंपन्यांनी दोन नियम केले आणि ते आजवर पाळले गेले. दिलेलं तांबूल कंपनीला मोडता येणार नाही. आणि निवड करणाऱ्यांत एक तरी माणूस स्वतः बॅक खेळलेला असला पाहिजे. या दुसऱ्या नियमामुळे किती घरांत चूल पेटली ते एन्नोरला जाऊन विचारा, पेरांबूरच्या चाळींत विचारा.

याच मार्गळीच्या, म्हणजे पोंगलआधीच्या महिन्याच्या, सुरुवातीला रायर गेले. सकाळी गल्लीत सायकली लावायला जागा उरली नाही. कंपनी-कंपनीचे बॅक आले होते, जुने, नवे, काही पोट सुटलेले. एकाचाही फोटो कधी पेपरात आला नव्हता. खांदा द्यायला सेल्वम पुढे झाला तेव्हा आपल्यातल्याच दोघातिघांच्या भुवया वर गेल्या. कोण कुठला, कोणत्या जातीचा. रायरांच्या पत्नी, आमच्या मामी, उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. "पुढें व्हा रे सगळे. त्यांचीं पोरें तुम्हीच." भुवया खाली आल्या. तिरुवल्लिकेणीच्या रस्त्यावरून त्यांना नेलं ते दर्यावर्द्यांच्या, गिरणीवाल्यांच्या, पंप जोडणाऱ्यांच्या पोरांनी, आणि एवढ्या दिमाखात आपल्या गल्लीतून कुणी गेलेलं मी पाहिलं नाही.

हे सगळं आत्ता लिहिण्याचं कारण आहे. पोंगल तोंडावर आलं. आमच्या कंपनीच्या निवड समितीत रायरांची जागा रिकामी आहे, आणि तिथे अशा माणसाला बसवायचं चाललंय ज्यानं आयुष्यात गोलफलकाखेरीज काही पाहिलं नाही. नियम कागदावर राहील, माणूस नसेल. तुमच्यापैकी निम्मे लोक याच कंपन्यांत कारकून आहात, अकाउंटंट आहात, अधिकारी आहात. रायरांना तुम्ही जिवंतपणी मान दिला नाहीत, ते जाऊ द्या. उद्या सकाळी कचेरीत गेलात की आपल्या कंपनीच्या स्पोर्ट्स सेक्रेटरीला गाठा आणि विचारा: आपल्या निवड समितीत बॅक खेळलेला माणूस कोण? तो नाव सांगेपर्यंत त्याच्या टेबलासमोरून हलू नका.